बाबांच्या कॉम्प्युटरवर रोज ‘पेटी’ येते: न वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या अपडेट सूचना कायमच्या कशा घालवायच्या?

माहेरवाशीण · सोमवार, रात्री ९:४०

लोकहो, मदत हवी आहे. जाणकारांनी हसू नये.

बाबा कराडला, मी ठाण्यात. बाबा निवृत्त शिक्षक, वय ७४. घरी २०१७ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. विंडोज १०, ४ जीबी रॅम. वापर म्हणाल तर सकाळी ई-पेपर, अधूनमधून बँकेचं खातं बघणं आणि वाचनालयाच्या सभांची इतिवृत्तं टाइप करणं. संपलं.

गेले दोन महिने रोज फोन येतो, "अगं, परत ती पेटी आली." पेटी म्हणजे पॉप-अप. कुणाची नवी आवृत्ती आलीय, कुणाची मुदत संपलीय, कुणाला विषाणू सापडलेत. यातलं एकही सॉफ्टवेअर बाबा वापरत नाहीत. एक पेटी तर अशा प्रिंटरची आहे, जो दोन वर्षांपूर्वी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेला!

दिवाळीत गेले होते तेव्हा मी स्टार्टअपच्या (मशीन सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) यादीत जाऊन ओळखीची वाटली ती दोन-तीन नावं बंद केली. बाकीची बघून घाबरले, हात लावला नाही. जुन्या मोबाइलचं सॉफ्टवेअर तर मुळापासून काढून टाकलं होतं. तरी त्याचीही पेटी येतेच आहे. हे कसं शक्य आहे? आणि सगळं एकदम बंद करायचं एखादं बटण आहे का?

बोंबील · रात्री ९:४८

आहे की. सीपीयूच्या पुढच्या बाजूला, गोल. (हलके घ्या.)

पेंग्विनप्रेमी · रात्री ९:५५

विंडोज काढा, त्याजागी लिनक्स मिंट ही फुकट यंत्रणा टाका. जुन्या मशीनवर मस्त चालतं, अपडेट सगळी एकाच जागेवरून येतात, प्रत्येक सॉफ्टवेअर आपापली घंटा वाजवत नाही. तसंही विंडोज १० ची नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालीत.

बोंबील · रात्री ९:५७

आले. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

माहेरवाशीण · रात्री १०:०५

@पेंग्विनप्रेमी, सुचवणीबद्दल आभार, पण बाबांची पंधरा वर्षांची इतिवृत्तं आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या ‘सुरेख’ फाँटमध्ये आहेत. सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडवर या म्हणून मी तीन वर्षं मागे लागलेय. तिथेच हरले, मिंट कुठून आणू?

खिळेमोळे · रात्री १०:३०

एक बटण नाही, कारण या पेट्या एका ठिकाणाहून येतच नाहीत. कुणी मशीन सुरू होताना जागं होतं, कुणी घड्याळ लावून बसलेलं असतं, कुणी ब्राउझरच्या खांद्यावर बसून येतं. प्रत्येकाचं दार वेगळं. तुम्ही दिवाळीत एक दार लावलंत, तेही अर्धवट. (दोष देत नाही, त्या यादीतली नावं बघून कुणीही घाबरेल.)

आधी एक सांगा: पेटी *कधी* येते? मशीन लावल्या-लावल्या, ठरावीक वेळेला, की पेपर वाचताना? आणि कुठे? पडद्याच्या मध्यभागी खिडकी उघडते की उजवीकडे खालच्या कोपऱ्यातून सरकत येते? एवढं कळलं तर अर्धं काम झालं.

माहेरवाशीण · मंगळवार, सकाळी ८:१५

बाबांना विचारायला फोन केला तर म्हणाले, "थांब, वही आणतो." दोन महिन्यांच्या नोंदी आहेत!! मला आजवर बोलले नव्हते. काकूच्या फोनवरून पानाचा फोटो पाठवला, जसाच्या तसा उतरवते:

*सोम. १०.१२ मशीन लावले. १०.१४ प्रिंटरची पेटी (मधोमध). १०.२० जावाची. ‘नंतर’ दाबले. दु. १२.०५ मोबाइलची.*
*मंगळ. ९.५० लावले. ९.५२ प्रिंटर. पेपर वाचताना १०.३०, १०.४१, १०.५५ उजव्या कोपऱ्यात, ‘५ विषाणू सापडले’. दु. १२.०५ मोबाइल.*
*बुध. लावले नाही. लाइट नव्हती.*
*गुरु. सायं. ६.०५ लावले. ६.०७ प्रिंटर. ६.१६ मोबाइल (आज वेळ चुकली).*
*शुक्र. पेपर वाचताना ‘फ्लॅश प्लेयर जुना झाला आहे, त्वरित अद्ययावत करा’. काही दाबले नाही. योग्य केले का?*

खिळेमोळे · सकाळी ९:०२

तुमच्या बाबांना दंडवत. आमच्या ऑफिसात पगार घेणारे लोक तक्रार नोंदवताना "कॉम्प्युटर चालत नाही" एवढं एकच वाक्य लिहितात.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: योग्य केलं, शंभर टक्के. ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि खेळ चालवणारा फ्लॅश प्लेयर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. १२ जानेवारी २०२१ पासून तर त्या प्लेयरनेच स्वतःत काही चालवायला नकार दिला. आपल्यासारख्या घरगुती वापरणाऱ्यांसाठी त्याचं अपडेट आता निघत नाही. म्हणजे आज "फ्लॅश अपडेट करा" म्हणणारी पेटी खोटी. तिच्यावर ‘होय’ दाबलं की काय उतरेल ते सांगता येत नाही, पण फ्लॅश नक्की नसेल.

बाकी सविस्तर दुपारी लिहितो. तोवर गुरुवारच्या नोंदीकडे बघत बसा. गंमत तिथे आहे.

करकाका · सकाळी ११:२०

माझा अनुभव, इतरांनी शहाणं व्हावं म्हणून. मी कर सल्लागार. दोन वर्षांपूर्वी असाच वैतागून स्टार्टअपमधलं *सगळं* बंद केलं. मशीन झकास पळायला लागलं, मी खूश. ३१ जुलैला, विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, एका अशिलाची डिजिटल सही करायला तिचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) लावलं तर मशीन ओळख दाखवेना. तीन वेळा काढून लावलं, पुसलं, दुसऱ्या पोर्टात घातलं. शेवटी लक्षात आलं, टोकनचा मॅनेजर आणि सही करून देणारा एमसाइनर दोन्ही मीच झोपवले होते. चूक सर्वस्वी माझी. नाव ओळखत नाही म्हणजे नको असलेलं, असं नसतं हो.

शेंगदाणा · सकाळी ११:४१

+१. मी साउंडचं बंद केलं होतं. हेडफोन लावला की ओळखायचाच नाही. कारण कळायला सहा महिने लागले.

खिळेमोळे · दुपारी १:५०

बसतो आता. वहीत चार पाहुणे आहेत.

प्रिंटर. मशीन लावल्यावर बरोबर दोन मिनिटांनी, रोज. हा स्टार्टअपवाला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ‘स्टार्टअप’ टॅब. नाव विचित्र असलं तर त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या. ज्या फोल्डरात नेईल त्याच्या नावावरून घराणं कळतं. पण इथे नुसतं ‘डिसेबल’ करून थांबू नका. प्रिंटर भंगारात गेलाय ना? मग कंट्रोल पॅनेलच्या ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’मध्ये जाऊन त्याची सगळी पिलावळ काढा. प्रिंटरबरोबर एक सॉफ्टवेअर कधीच येत नाही: स्कॅनिंगचं वेगळं, शाईची पातळी दाखवणारं वेगळं, शाई विकत घ्यायला लावणारं वेगळं. कंपनीच्या नावाने यादी लावा, सगळे शेजारी-शेजारी उभे दिसतील.

जावा, म्हणजे काही प्रोग्रॅम चालायला आधी लागणारं सॉफ्टवेअर. हीसुद्धा मशीन सुरू होताना जागी होते, ‘जावा अपडेट शेड्यूलर’ नावाने. तुम्ही सरकारी वाटलं म्हणून सोडलं असणार. जावाचं इथे काही चुकत नाही, जुनं झालं तर सांगणं हे तिचं कामच आहे. प्रश्न हा की ती बाबांच्या मशीनवर आली कशाला?

मोबाइल. हा खरा नमुना. रोज १२:०५ ला, मशीन कधीही लावलेलं असो. म्हणजे स्टार्टअप नव्हे, घड्याळ. विंडोजमध्ये ‘टास्क शेड्यूलर’ म्हणून एक आहे, त्यात कुठलंही सॉफ्टवेअर "मला रोज बाराला उठव" असं लिहून ठेवू शकतं. आता गुरुवार बघा. सायंकाळी ६:०५ ला लावलं, ६:१६ ला पेटी. वेळ चुकली नाही! टास्कला एक खूण करता येते, की ठरलेल्या वेळी मशीन बंद असेल तर नंतर जमेल तेव्हा चालव. अशा राहून गेलेल्या टास्कला विंडोज लगेच उठवत नाही, साधारण दहा मिनिटं थांबतं. सहा पाचला मशीन लावलं, ते पूर्ण जागं व्हायला मिनिटभर, वर दहा. बाबांच्या वहीत ते दहा मिनिटांचं थांबणं उतरलंय. मी हे इतकी वर्षं कागदोपत्री वाचत होतो, कुणी हाताने मोजलेलं पहिल्यांदा पाहिलं.

आणि सॉफ्टवेअर काढलं तरी पेटी का येते, याचंही उत्तर इथेच. पुष्कळ कंपन्या अपडेट करणारा भाग वेगळ्या फोल्डरात ठेवतात, कारण त्यांची चार सॉफ्टवेअर त्या एकाच भागावर चालतात. मुख्य सॉफ्टवेअर गेलं, हा गडी राहिला. भाडेकरू गेला, पण दूधवाल्याला कुणी सांगितलंच नाही. तो रोज येऊन बेल मारतो.

पाच विषाणू. पेपर वाचतानाच, कोपऱ्यातून. हे सॉफ्टवेअर नाहीच. कुठल्या तरी साइटने "सूचना पाठवू का?" विचारलं आणि बाबांनी ‘अलाउ’ दाबलं. त्या सूचनेत बारीक अक्षरात ब्राउझरचं आणि साइटचं नाव असतं, ते वाचायला सांगा. फ्लॅशची खोटी पेटी तिथूनच आली असण्याची शक्यता दाट.

माहेरवाशीण · दुपारी २:२०

दूधवाला!! हे मी आईला वाचून दाखवलं, तिला लगेच कळलं.

जावाचं विचारलं. बाबा म्हणतात, "ते प्राप्तिकरासाठी तुझ्या मामाने टाकलं होतं."

करकाका · दुपारी २:४५

बरोबर आहे मामांचं. पूर्वी विवरणपत्र भरायची एक जावावाली युटिलिटी, म्हणजे छोटं सॉफ्टवेअर, असायची. ७ जून २०२१ ला नवं ई-फायलिंग पोर्टल आलं आणि ती पद्धत गेली. आताच्या युटिलिटीला जावा लागत नाही. बाबा दुसरं काही त्यावर चालवत नसतील तर खुशाल काढा.

तिरपागडे · दुपारी ३:१०

एवढा खटाटोप कशाला? सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन सरसकट बंद करा, अपडेटच्या सर्व्हिस बंद करा, विंडोज अपडेटसुद्धा बंद करा. माझ्याकडे चार वर्षं सगळं बंद आहे. शांतता आहे.

खिळेमोळे · दुपारी ३:३५

@तिरपागडे, इथे आपलं जमणार नाही. नोटिफिकेशन बंद केल्या तर कोपऱ्यातल्या जातील, मधोमध उघडणाऱ्या खिडक्यांना त्याचं काही नाही. त्या येतच राहतील.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. सॉफ्टवेअर मशीनवर ठेवायचं आणि फक्त त्याच्या अपडेटचं तोंड बांधायचं, यासारखं वाईट काही नाही. सुरक्षेतली भोकं तशीच राहतात, सांगणारा मात्र गप्प. विंडोजवरचा क्विकटाइम हा व्हिडिओ प्लेयर आठवतो? ॲपलने त्याची अपडेट थांबवली. मग एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने लोकांना सांगितलं की तो मशीनवरून काढून टाका. गप्प करा असं नाही सांगितलं. काढा.

म्हणून माझा क्रम: वापरात नाही, तर सॉफ्टवेअरच काढायचं. काढूनही त्याचा दूधवाला येत राहिला, तर त्याला शेड्यूलरमध्ये बंद करायचं. जे वापरात आहे, म्हणजे ब्राउझर, पीडीएफ वाचायचं, विंडोज, त्याची अपडेट चालू ठेवायची आणि पेटी आली तर सोसायची. आणि बाबांच्या मशीनवर विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेट आहेत का तेही बघा. ती स्वतः नोंदवून घ्यावी लागतात, घरगुती मशीनना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहेत.

तिरपागडे · दुपारी ३:५०

असो. तुमचं चालू द्या.

माहेरवाशीण · दुपारी ४:०५

मी इथून करू शकते का हे? कराडला जायला अजून महिना आहे.

खिळेमोळे · दुपारी ४:३०

‘क्विक असिस्ट’ वापरा, दुरून दुसऱ्याचं मशीन हाताळायचं, मायक्रोसॉफ्टचंच आहे. तुमच्याकडे मायक्रोसॉफ्टचं खातं लागेल, बाबांना नाही. तुम्हाला एक कोड मिळतो, तो बाबांनी त्यांच्याकडे टाकायचा. दहा मिनिटांत टाकला नाही तर बाद.

आत्याबाई · दुपारी ४:४४

एक मध्येच बोलते, राग मानू नका. बाबांना हे शिकवताना दहा वेळा बजावा, की असा कोड फक्त मुलीने *आधी फोन करून* सांगितला तरच टाकायचा. "आम्ही अमुक कंपनीतून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरला विषाणू लागलाय" म्हणत फोन करणारे हेच वापरायला सांगतात. आमच्या सोसायटीत एका आजोबांकडून जवळजवळ झालंच होतं. नातू शाळेतून आला म्हणून वाचले.

माहेरवाशीण · बुधवार, रात्री ११:१०

झालं!!! वृत्तांत देते.

पहिला कोड वाया, कारण मी "के" म्हटलं की बाबा "थांब, चष्मा" म्हणाले आणि चष्मा देवघरात होता. दुसऱ्या वेळी मात्र "के, कमळाचा. बी, बदकाचा" करत एका दमात टाकला. एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती: काही काढायला गेलं की विंडोज "परवानगी आहे का?" विचारतं, तेव्हा माझ्याकडे पडदा काळा होतो आणि ‘होय’ बाबांनाच दाबावं लागतं. प्रत्येक वेळी बाबा आधी मोठ्याने पूर्ण वाचायचे. सात वेळा. मी गप्प बसून ऐकलं, कारण हीच सवय त्यांना फ्लॅशपासून वाचवत आली आहे.

प्रिंटरची पिलावळ: चार निघाली. चारही काढली. जावा काढली, तिच्या दोन आवृत्त्या होत्या.

ब्राउझर: सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी दिलेल्या साइटची यादी बघून मी हबकले. एकोणीस! त्यात एक वर्तमानपत्र, एक पंचांग आणि सतरा असली नावं की उच्चारता येऊ नयेत. सगळ्यांची परवानगी काढली. तिथेच एक पर्याय आहे, साइटना विचारूच द्यायचं नाही, तो लावला. पंचांगाचं बाबांना थोडं वाईट वाटलं.

आता दूधवाला. टास्क शेड्यूलर उघडला, डावीकडे ‘लायब्ररी’वर क्लिक केलं. मधे यादी आली, बारा-तेरा नावं. @खिळेमोळे, एकेका नावावर जाऊन खाली ‘ट्रिगर्स’ बघत गेले. आठव्या नावाला लिहिलेलं होतं, रोज दुपारी १२:०५. अंगावर काटा आला हो! बाबांना म्हटलं, "सापडला." बाबा म्हणाले, "बारा पाच ना? बघ, मी बरोबर लिहिलं होतं." ‘ॲक्शन्स’मध्ये त्या मोबाइल कंपनीच्या फोल्डरचा पत्ता होता, ज्या फोनचं आता झाकणसुद्धा घरात नाही. राइट क्लिक, ‘डिसेबल’.

डिलीट करू की नको?

खिळेमोळे · रात्री ११:२५

आठवडाभर डिसेबलच ठेवा. काही अडलं नाही तर मग डिलीट. आणि त्या लायब्ररीखाली ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाचा फोल्डर दिसत असेल, त्यात शिरू नका. तिथे विंडोजची स्वतःची कामं असतात.

पुढे कधी एखादी पेटी कुणाची हेच कळलं नाही, तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ फुकट मिळतं. त्यात वर नेमबाजीच्या चांदमारीसारखं एक चिन्ह आहे. ते माउसने धरायचं आणि ओढत नेऊन त्या पेटीवर सोडायचं. पेटी ज्याची असेल त्याचं नाव यादीत उजळतं. पेटी पडद्यावर असतानाच करायचं, फुली दाबून मग शोधायला जाऊ नका. त्यांचंच ‘ऑटोरन्स’ सगळी दारं एका यादीत दाखवतं, पण ती यादी भलतीच लांब असते. त्यात ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ लावल्याशिवाय बघू नका, आणि काही पुसू नका, फक्त टिक काढा. चुकलं तर टिक परत लावता येते. करकाकांचं टोकन आठवा.

करकाका · रात्री ११:३१

आठवतंय, आठवतंय.

पेंग्विनप्रेमी · गुरुवार, सकाळी ७:५८

सगळं ठीक. पण मिंटवर हे काही करावंच लागलं नसतं.

बोंबील · सकाळी ८:०१

पॉपकॉर्न संपले होते, बरं झालं तुम्ही आलात.

माहेरवाशीण · पुढचा बुधवार, दुपारी १२:४०

धागा वर काढतेय. आत्ता बाबांचा फोन येऊन गेला. म्हणाले, "बारा पाचला मुद्दाम समोर बसलो होतो. बारा वीसपर्यंत बसलो. आली नाही. मशीन बिघडलं तर नाही ना?"

टास्क आता डिलीट करते. सगळ्यांचे मनापासून आभार, वहीवाल्यांकडूनही.

गोडांबा · दुपारी १:१५

वाचनखूण साठवली. माझ्याही आईच्या लॅपटॉपवर "नूतनीकरण करा" असं सारखं येतं. अँटिव्हायरसचं आहे बहुतेक, लॅपटॉपबरोबर वर्षभर फुकट आलेलं. काढलं तर मशीन उघडं पडेल का?

खिळेमोळे · दुपारी १:३२

नाही. ते काढलं की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा होतो. फक्त ही मंडळी साध्या पद्धतीने पुष्कळदा पूर्ण निघत नाहीत. त्या कंपनीच्या साइटवर काढायचं वेगळं साधन असतं, ते वापरा. पण ‘बहुतेक’ नको. ती पेटी खरंच अँटिव्हायरसची आहे की बाबांच्या पाच विषाणूंची बहीण, ते आधी बघू.

पेटी किती वाजता येते?

गोडांबा · दुपारी १:३४

ते नाही बघितलं.

माहेरवाशीण · दुपारी १:३५

आईला एक वही आणून द्या.